बारावीनंतर अमेरिका, सॅट आणि शिष्यवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचंय, डोकं आहे, पण घरात तेवढा पैसा नाही, अशा मुलांचे आणि त्यांच्या आईबाबांचे प्रश्न इथे आहेत. एमएसला जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं निम्मं लागू नाही. मी नाशिकची. भाचीच्या अर्जाच्या निमित्ताने या भानगडीत पडले, मग ओळखीपाळखीतली मुलं येत गेली. ती ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत प्रश्न ठेवलेत.

मॅडम, सॅटला किती मार्क पडले की स्कॉलरशिप लागते?

हा प्रश्न पहिला येतो आणि त्यात आपली चौथी-सातवीची स्कॉलरशिप परीक्षा बोलत असते. पेपर दिला, यादी लागली, यादीत नाव आलं की पैसे. सॅट म्हणजे अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा, तिचं तसं नाही. सॅटची कुठलीही यादी लागत नाही, आणि ती परीक्षा घेणारा कॉलेज बोर्ड भारतातल्या मुलांना पैसे देत नाही. १६०० पैकी १५६० मिळवूनही दमडी न मिळालेली मुलं मी पाहिलीत आणि १४२० वर चारही वर्षांचा खर्च निघालेली मुलगीही पाहिली. पैसे प्रत्येक कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून देतं, आणि कोणाला, किती, कशावरून द्यायचे हे त्याचं ते ठरवतं. म्हणून परीक्षेच्या तयारीइतकाच वेळ कॉलेजांची यादी बनवण्यात घालवा. बहुतेक घरांत ती यादी शेवटच्या आठवड्यात, मावसभावाला फोन करून बनते.

मग कुठली कॉलेजं पैसे देतात?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ याच्यावर आहे.

मोठी मदत दोन प्रकारची. एक, घरच्या परिस्थितीवरून मिळणारी. तुमचं घर वर्षाला किती देऊ शकतं याचा कॉलेज हिशोब करतं आणि उरलेलं स्वतः भरतं. दुसरी, गुणवत्तेवरची, म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे यावं म्हणून दिलेली. ही काही ठिकाणी उत्पन्न न बघता मिळते, पण बऱ्याचदा ती फीच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा निम्मी असते. मोठ्या खाजगी कॉलेजचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे ७० लाखांच्या वर. त्यात २० हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी उरलेल्या ६० हजारांचं काय, हे पेढ्याआधी बघावं.

परिस्थितीवरून मदत देणाऱ्यांतही पुन्हा दोन गट. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलाने मदत मागितली आहे की नाही हे निवडीच्या वेळी बघतच नाहीत आणि घेतलं तर पूर्ण गरज भागवतात. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये यात आली, ब्राउन २०२५ च्या प्रवेशापासून आलं. ऐकायला छान वाटतं, पण हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांत तीन-चार घेतात.

दुसरा गट नीड-अवेअर. इथे तुम्ही किती पैसे मागताय हे निवडीत मोजलं जातं, पण घेतलं तर बरीच कॉलेजं पूर्ण गरज भागवतात: ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, व्हॅसर, स्वार्थमोर वगैरे. आपल्याकडे ही नावं कोणाला माहीत नसतात. लग्नात सांगितली तर समोरचा "असं का" म्हणून जिलबी घेतो. पण मध्यमवर्गीय मराठी मुलांना मी खरे पैसे मिळताना पाहिले ते बहुतेक याच गटात. मुलींसाठी स्मिथ आणि माउंट होलिओक ही फक्त महिलांची कॉलेजंही बघावीत. वसतिगृहाची काळजी असणारे आजोबाही त्यामुळे जरा निवळतात.

सरकारी विद्यापीठांवर फार आशा ठेवू नका. कॅलिफोर्नियाचं बर्कली नावाला मोठं, पण परदेशी मुलाच्या घरची परिस्थिती बघून ते पैसे देत नाही. अमेरिकन सरकारचा फाफ्सा नावाचा फॉर्मही आपल्यासाठी नाही.

दोन वेगळी नावं. केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाही, बदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला निदान १० तास काम करायचं. परदेशी मुलांच्या जागा तिथे मोजक्या असतात. आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं डीप स्प्रिंग्ज: दोन वर्षांचं, २५-३० मुलांचं, गुरं राखायची, चारा कापायचा, फी नाही. शेतावर वाढलेल्या मुलाला हे सांगितलं की तो हसतो. "तेच करायचं तर निफाड काय वाईट?" म्हणाला होता एक.

आम्ही मागासवर्गीय. आमच्यासाठी सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे ना?

आहे, पण बारावीनंतर नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीजसुद्धा तशीच. के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया यांच्या योजनाही पदवीनंतरच्या, आणि त्या बहुतांशी बिनव्याजी कर्जाच्या आहेत. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेही मुंबईत बी.ए. झाल्यावर. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल आणि कॉलेजांकडून काही जमलं नाही, तर इथे पदवी घेऊन मग या योजनांतून जाणं हा रस्ता शिल्लक राहतो. तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

आणि टाटांची?

टाटांच्या नावाने दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही पदवीधरांसाठी, आणि ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची. बारावीवाल्यांच्या कामाची आहे ती न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातली टाटा स्कॉलरशिप. २००८ मध्ये टाटांच्या ट्रस्टने कॉर्नेलला दिलेल्या देणगीतून ती चालते. भारतीय नागरिक हवा, शाळा भारतात झालेली हवी आणि गरज हवी. प्रवेशाच्या अर्जाबरोबरच आर्थिक मदतीचा अर्ज केला असेल तरच विचार होतो. एका वेळी साधारण २० मुलं तिच्यावर शिकत असतात, म्हणजे वर्षाला पाचेक नवी. लॉटरी नव्हे, पण भरवशाची म्हैसही नव्हे.

मुलगी आत्ता दहावीत आहे. आत्तापासून काही करता येईल?

येईल, आणि हा प्रश्न विचारणारे फार थोडे. मुळशीत पौडजवळ १९९७ पासून यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेज आहे. दहावीनंतर दोन वर्षं, आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, जगभरातली मुलं. निवड झाली तर परिस्थितीप्रमाणे फीत मदत मिळते. यूडब्ल्यूसीतून बाहेर पडलेल्या मुलांना अमेरिकेतली शेकडाभर कॉलेजं डेव्हिस यूडब्ल्यूसी नावाच्या कार्यक्रमातून मदत देतात. एसटीच्या अंतरावर असलेली ही संधी मराठी घरांना बहुधा बारावीत कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि नववीची मार्कशीट जपून ठेवा. अमेरिकन कॉलेजं नववी ते बारावी अशी चार वर्षं बघतात. आपल्याकडे दहावीचा दाखला लॅमिनेट करून कपाटात, आणि नववीची मार्कशीट रद्दीत.

सॅट आता ऐच्छिक झाली आहे म्हणतात. मग द्यायची कशाला?

कोविडमध्ये झाली होती. एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तसं जाहीर केलं. येलला सॅटऐवजी एपी (कॉलेज बोर्डाच्याच विषयवार परीक्षा) किंवा आयबीचे गुणही चालतात. बोडनने मात्र १९६९ पासूनच ती ऐच्छिक ठेवली आहे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ गुण बघतच नाही. प्रत्येकाचं धोरण त्या वर्षीचं त्याच्याच वेबसाइटवर बघावं.

माझं मत विचाराल तर स्टेट बोर्डाच्या मुलाने द्यावीच. तुमच्या ज्युनियर कॉलेजचं नाव तिथे कोणी ऐकलेलं नसतं. तुमचे ८८ टक्के म्हणजे काय, हे तिकडच्या प्रवेश अधिकाऱ्याला ताडून बघायला दुसरं काही हाताशी हवं.

पेपर असतो कसा?

भारतात मार्च २०२३ पासून तो लॅपटॉपवर होतो, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. एकूण २ तास १४ मिनिटं. आधी वाचन-लेखन: ५४ प्रश्न, ६४ मिनिटं. मग १० मिनिटांची सुट्टी. नंतर गणित: ४४ प्रश्न, ७० मिनिटं. प्रत्येक विषयाचे दोन भाग, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. दुसरा भाग अवघड वाटला तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

दुसरी परीक्षा एसीटी, ३६ गुणांची. कॉलेजांना दोन्ही चालतात. एक धरा, दोन्हीच्या मागे लागू नका.

मी सेमी-इंग्लिशची. इंग्रजीत मार खाईन का?

गणितात नक्की नाही. दहावी-अकरावीपलीकडचं फारसं काही नसतं, शिवाय स्क्रीनवर डेसमॉस नावाचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मिळतो. पण आपली मुलं तो वापरत नाहीत, हा माझा नेहमीचा वाद. वर्गसमीकरणाचं मूळ काढायला सूत्र लिहीत बसतात, कारण सगळ्या पायऱ्या दाखवल्या नाहीत तर मार्क जातील ही भीती हाडात मुरलेली. इथे पायऱ्या कोणी बघत नाही. दोन्ही बाजू डेसमॉसमध्ये टाका, रेषा छेदतात तो बिंदू वाचा, पुढे चला.

इंग्रजीत उतारे छोटे असतात, २५ ते १५० शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. २७ प्रश्नांना ३२ मिनिटं, म्हणजे एकेकाला सव्वा मिनिटाच्या आत. मराठी माध्यमाचं मूल अडकतं ते शब्दार्थात कमी आणि जोडशब्दांत जास्त: "तरीही" आणि "त्यामुळे" यांचे इंग्रजी भाऊबंद. मराठीत दोन वाक्यं स्वल्पविरामाने जोडली तर कोणी हटकत नाही, तिथे तो थेट चुकीचा पर्याय. अर्धविराम कुठे द्यायचा याचे चार-पाच नियम आहेत. ते पाठ केले की पाच-सहा प्रश्न सुटतात, आणि एवढ्या कमी कष्टात एवढे गुण दुसरीकडे कुठे नाहीत. वाचनाला मात्र जवळचा रस्ता नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातलं अग्रलेखाचं पान, सहा महिने.

क्लास लावावा का?

ब्लूबुकमध्ये खऱ्या परीक्षेसारखे पूर्ण सराव पेपर फुकट आहेत. खान अकॅडमीवर कॉलेज बोर्डाबरोबर तयार केलेला अभ्यास २०१५ पासून फुकट आहे. आधी एक पेपर घड्याळ लावून सोडवा. १२०० च्या वर आलात आणि स्वतः बसून अभ्यास होतो, तर क्लासचे ५०-६० हजार वाचवा. सोबत कोणी असल्याशिवाय पुस्तक उघडलं जात नसेल तर लावा. क्लासचा खरा उपयोग तोच असतो.

कधी द्यायची? जेईई पण चालू आहे.

वर्षातून सात-आठ तारखा असतात. अकरावी संपल्यावर मे-जूनमध्ये पहिली, ऑगस्टमध्ये दुसरी. ऑक्टोबरनंतर ताणू नका, कारण नोव्हेंबरपासून अर्जांच्या तारखा आणि पाठोपाठ जेईई, प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड. दोन वेळा पुरे. बरीच कॉलेजं दोन्ही वेळचे चांगले विभाग एकत्र धरतात.

जेईई आणि हे दोन्ही जमतं का? गणितापुरतं जमतं. निबंध आणि फॉर्मसाठी जो निवांत वेळ लागतो, तो राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासच्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्या मुलाकडे नसतो. कुठलं आधी, ते जूनमध्ये घरात बसून ठरवा, डिसेंबरात भांडून नको.

फी: २०२४-२५ मध्ये ६८ डॉलर, वर परदेशी केंद्राचे ४३. फीमाफी अमेरिकेबाहेरच्या आपल्या मुलांना नाही. केंद्रं बहुतेक मोठ्या खाजगी शाळांत असतात आणि मुंबई-पुण्यातल्या जागा लवकर भरतात.

टोफेल, आयईएलटीएस की डुओलिंगो?

या तिन्ही इंग्रजीच्या परीक्षा. कॉलेज जी मागेल ती. तिन्ही चालत असतील तर डुओलिंगो सगळ्यात स्वस्त, घरून तासाभरात होते, निकाल दोनेक दिवसांत. परीक्षा चालू असताना आजी खोलीत आली तर ती बाद होऊ शकते, हे आजीला आधी नीट समजावून सांगा. गुण साधारण दोन वर्षं धरतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना काही कॉलेजं या परीक्षेतून सूट देतात, ईमेल करून विचारा.

बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे. पासपोर्टवर वेगळं. चालेल?

बोर्डावर "पाटील सीमा रमेश", पासपोर्टवर नाव "सीमा रमेश", आडनाव "पाटील", आणि शाळेच्या सहीवाल्या पत्रात "कु. सीमा पाटील". तिकडच्या संगणकाला या तीन मुली वाटतात. पासपोर्टप्रमाणे एकच नाव ठरवा आणि सॅट, टोफेल, अर्ज, आर्थिक फॉर्म सगळीकडे तेच लिहा. मार्कशीटवरच्या नावाचा क्रम वेगळा का आहे, हे अर्जातल्या जादा माहितीच्या चौकटीत दोन ओळींत सांगा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

कॉलेजमध्ये काउन्सेलर नाही. शिफारसपत्रं कोण देणार?

प्राचार्य किंवा उपप्राचार्य काउन्सेलरच्या जागी चालतात. अनेक कॉलेजांचे अर्ज जिथून भरतात ती कॉमन ॲप नावाची साइट १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी सुरू होते, तिथून त्यांना ईमेल जातो, आणि मार्कशीट व पत्र त्यांनीच चढवायचं असतं. शिवाय दोन शिक्षकांची पत्रं.

इथेच गाडी रुतते. भाचीच्या वेळची गोष्ट. तिच्या कॉलेजचा अधिकृत ईमेल होता, पण तो उघडायचे ऑफिसातले क्लार्क, आणि ते दर सोमवारी. कॉमन ॲपचा ईमेल गेला स्पॅममध्ये. आम्ही तीनदा चकरा मारल्या. "कुठल्या नमुन्यात पाहिजे? बोनाफाईड देऊ का?" असं प्रत्येक वेळी विचारलं गेलं. शेवटी मीच लॅपटॉप घेऊन उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले, सरांनी स्वतः टाइप केलं, गोल शिक्का मारलेली मार्कशीट मोबाइलने स्कॅन केली, आणि जायच्या वेळी सर म्हणाले, "एवढंच होतं होय?" तारखेला दोन दिवस उरले होते. तेव्हा ऑगस्टमध्येच एक पानी कागद करून त्यांना द्या: काय पाठवायचं, कधी, कुठून ईमेल येईल.

इंटिग्रेटेडवाल्यांचा प्रश्न याहून अवघड. नाव एका कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये, आणि हजेरीपत्रकावरचे सर तुम्हाला ओळखतही नाहीत. अशा वेळी दहावीपर्यंत शिकवलेल्या बाईंना विचारा. ओळखणाऱ्या बाईंचं साधं पत्र न ओळखणाऱ्या सरांच्या "आज्ञाधारक व होतकरू"पेक्षा केव्हाही बरं.

आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये काय काय विचारतात?

सगळं. बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात, तो १ ऑक्टोबरला उघडतो. काहींचा, प्रिन्स्टनसारखा, स्वतःचा असतो. उत्पन्न, बँकेतली शिल्लक, घर, जमीन, धंदा, कर्ज, भावंडांची फी. आकडे रुपयांत भरता येतात.

निफाडच्या एका घरी हा फॉर्म भरत होतो. टेबलावर सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक, आणि वडील विचारतात, "द्राक्षाचं उत्पन्न कुठलं लिहू? चांगल्या सालचं, का गारपीट झाली त्या सालचं?" सातबाऱ्यावर आजोबा, तीन काका, दोन आत्या. तिकडच्या माणसाला वाटेल केवढी जमीनदारी! म्हणून फॉर्मबरोबर एक पत्र लिहिलं: एकूण क्षेत्र किती, त्यात आपला हिस्सा किती, शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नसल्याने रिटर्नमधल्या करपात्र उत्पन्नात ते का दिसत नाही, आणि गेल्या तीन वर्षांची विक्री व खर्च. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर. कॉलेजने एकदाच उलट प्रश्न विचारला: सोसायटी म्हणजे काय?

आणखी एक. "पहिल्या वर्षी कसंतरी भरू, पुढच्या वर्षी मागू," असं करू नका. परदेशी मुलाने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे.

उत्पन्न थोडं कमी दाखवलं तर?

नको. कॉलेजं रिटर्न, पगारपत्रक, बँकेचे कागद मागतात आणि व्हिसाच्या वेळी ते पुन्हा समोर येतात. २०२४ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या लिहाय विद्यापीठात खोट्या कागदांवर पूर्ण मदत मिळवलेला एक भारतीय मुलगा पकडला गेला. त्याला अटक झाली आणि परत यावं लागलं. आपल्याकडे खरं उत्पन्नच तिकडच्या मानाने इतकं कमी असतं की खोटं बोलायची गरजही नसते.

निबंधात काय लिहायचं?

६५० शब्द. आपल्याला निबंध म्हणजे "मी नदी बोलतेय", सुरुवातीला सुभाषित आणि शेवटी देशसेवा. ते इथे विसरा.

एका मुलीने आईच्या भिशीच्या वहीवर लिहिलं. बारा बायका, दर महिन्याला पाचशे, आणि हिशोब ठेवायचं काम हिच्याकडे, सातवीपासून. एका महिन्यात दोनशे रुपये कमी पडत होते. हिने तीनदा बेरीज केली, मग लक्षात आलं की एका बाईंचे कमी आलेत आणि आईने गुपचूप स्वतःचे घातलेत. वहीत ते कसं लिहायचं, यावर तिचा निबंध होता. "नेतृत्व" हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आहेत. वाचणाऱ्याला ते कळतं, कारण १७ वर्षांचं मूल तसं बोलत नाही.

एजंटकडे जाऊ का? तो म्हणतो १०० टक्के स्कॉलरशिप.

त्याला दोन प्रश्न विचारा: कॉलेजकडून तुम्हाला कमिशन मिळतं का, आणि "१०० टक्के" म्हणजे फीच्या की एकूण खर्चाच्या? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण चहा मागवतात. फुकट आणि बिनपक्षपाती माहितीसाठी अमेरिकन सरकारचं एज्युकेशन यूएसए आहे. मुंबईत त्यांचं केंद्र आहे आणि ऑनलाइन सत्रंही होतात.

अर्ली डिसिजन करू का?

अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज. तो बंधनकारक असतो: कॉलेजने घेतलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात निकाल. मदत पुरेशी नसेल तर सोडता येतं, पण मग दोन ठिकाणची मदत शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आधी कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा (मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील ते सांगतो) अंदाज घ्या. परदेशी घरांसाठी तो दर वेळी बरोबर येतोच असं नाही.

सेफ्टी म्हणून इथे इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन ठेवू का?

सांभाळून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे जायचं असेल तर कॅपमध्ये, म्हणजे इथल्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, सीट धरून ठेवणं वेगळं. पण इथे वर्षभर शिकून मग अर्ज केला तर बऱ्याच कॉलेजांच्या हिशोबात तुम्ही नवे विद्यार्थी राहत नाही, ट्रान्सफरवाले होता, आणि परदेशी ट्रान्सफर मुलांना मदत फार थोडी मिळते. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर सरळ एक वर्ष गॅप घ्या. "लोक काय म्हणतील" ही अडचण खरी आहे, कॉलेजांची मात्र त्याला हरकत नसते.

फुल स्कॉलरशिप म्हणजे सगळं फुकट ना?

पत्र ओळ न ओळ वाचा. ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, आरोग्य विमा, विमानभाडं, यातलं काय आत आणि काय बाहेर. विमाच वर्षाला काही हजार डॉलर असतो.

आणि टॅक्स, ज्याबद्दल कोणी सांगत नाही. ट्यूशनपोटीच्या मदतीवर तो नसतो, पण राहण्या-जेवणापोटी मिळालेल्या भागावर असतो, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांचा साधारण १४ टक्क्यांनी आधीच कापला जातो. एप्रिलमध्ये १०४०-एनआर हा तिकडच्या टॅक्स रिटर्नचा फॉर्म भरायचा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, मिळतं, त्यामुळे कापलेलं बरंचसं किंवा सगळंही परत येऊ शकतं. कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच, आणि त्यातून खिसाखर्च निघतो, फी नाही.

व्हिसाचं काय?

कॉलेज आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद देतं, त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार हे छापलेलं असतं. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर, व्हिसाचे १८५, डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, मग मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत. जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. "हेच कॉलेज का" याचं उत्तर तुमच्या शब्दांत हवं. पाठ केलेलं उत्तर मध्येच तुटलं की मुलं सुरुवातीपासून म्हणायला लागतात, पाढ्यासारखी.

ऑफर आली, पण वर्षाला चार लाख कमी पडतायत. पुन्हा मागता येतात?

येतात. भीक म्हणून नव्हे, नवी माहिती म्हणून. अर्जानंतर काही बदललं असेल, म्हणजे नोकरी गेली, आजारपण आलं, पीक गेलं, तर कागदासकट आर्थिक मदत विभागाला एक पानी पत्र लिहा. दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर तेही नम्रपणे कळवा. निफाडच्या त्या घराने मार्चच्या अवकाळीचा तलाठ्याचा पंचनामा भाषांतर करून पाठवला, नऊ दिवसांनी वाढीव रक्कम आली. नाही आली असती तर ते दुसऱ्या, कमी नावाच्या कॉलेजला हो म्हणणार होते. ती तयारीही ठेवावी.

निकाल मार्चअखेर लागतात आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते, तेव्हा पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाऊ द्या. आणि डिपॉझिटचे डॉलर बँकेतून पाठवणार असाल तर २८-२९ एप्रिललाच पाठवा. १ मेला आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, बँक बंद.